शेवटचा पेग कुठे घेतला, एवढं तरी विचारा

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व जिल्हाधिकारी
(जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष आणि मद्यविक्री परवान्यांवर सही करणारे, अशा दोन्ही नात्यांनी)

विषय : दारू पिऊन झालेल्या अपघातांच्या नोंदीत एक ओळ वाढवण्याबाबत.

महोदय / महोदया,

एका राज्य मार्गाच्या फाट्यावर माझं मेडिकल आहे आणि समोर रस्त्यापलीकडे परमिट रूम. अठरा वर्षं आम्ही एकमेकांसमोर शटर उघडतो आणि पाडतो. बारचे मालक भला माणूस. माझ्या सासऱ्यांना ॲटॅक आला तेव्हा त्यांच्याच गाडीतून दवाखान्यात नेलं होतं. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल की बाईचं समोरच्याशी वाकडं आहे.

संध्याकाळी सातनंतर माझ्याकडे येणारं बरंचसं गिऱ्हाईक तिकडूनच रस्ता ओलांडून येतं. पित्ताची गोळी, डोकेदुखीची गोळी, तोंडाचा वास मारायला पुदिन्याच्या गोळ्या. कोण किती घेऊन आलाय हे मला काउंटरवर सुटे पैसे मोजायच्या पद्धतीवरून कळतं. शंभराची नोट देऊन वीसचे सुटे परत घ्यायचे असतील आणि माणूस ते तीनदा मोजत असेल, तर तो आता गाडीवर बसणार आहे या विचाराने पोटात गोळा येतो.

बारच्या दारात एक पोरगा असतो, गाड्या वळवून द्यायला. लोक येतात तेव्हा गाड्या तोंड आत करून लावतात. जाताना गाडी मागे घेऊन रस्त्याकडे वळवणं हे प्यायलेल्या माणसाला सगळ्यात अवघड जातं, तिथेच तो आडवा होतो. म्हणून हा पोरगा गाडी वळवतो, स्टँड वर करतो, कधी कधी किकही मारून देतो. दहा रुपये मिळतात. ज्याला स्वतःची गाडी सहा फूट मागे घेता येत नाही, त्याला तो राज्य मार्गाकडे तोंड करून देतो. पोराचा दोष नाही, त्याला तेच काम दिलंय.

आता मूळ गोष्ट. आमच्या दुकानात कामाला असलेला मुलगा रात्री दहाच्या सुमाराला सायकलवरून घरी जात होता. मागून मोटारसायकलची धडक बसली. जीव वाचला. मांडीत रॉड आहे, आजही जिना चढताना एक पाय आधी टेकवून मग दुसरा उचलतो. धडक देणारा अपघाताच्या वीस मिनिटं आधी माझ्या काउंटरवर उभा होता. पित्ताच्या गोळ्यांची पट्टी घेतली, सुटे पैसे मोजले, रस्ता ओलांडून परत बारकडे गेला, पोराने गाडी वळवून दिली.

पंचनामा झाला. त्यात गाडीचा नंबर होता, रस्ता कोरडा होता, उजेड अपुरा होता, सायकलला मागे रिफ्लेक्टर नव्हता. रस्त्याच्या कडेपासून रक्ताचा डाग किती फुटांवर तेही होतं. चालक दारूच्या अमलाखाली होता, हेही पुढे कागदावर आलं. फक्त तो कुठे प्यायला, हे कुठेच नव्हतं. फाट्यावर सगळ्यांना माहीत होतं. पानटपरीवाल्याला, वडापवाल्यांना, मला. कुणी विचारलंच नाही. विचारायची पद्धतच नाही, कारण तो प्रश्न कुठल्या फॉर्मवर नाही.

माझं मागणं एवढंच आहे की तो प्रश्न फॉर्मवर यावा. दारू पिऊन गाडी चालवताना जो सापडेल किंवा तसा अपघात करेल, त्याला विचारावं : शेवटचा पेग, क्वार्टर, बीअर, जे काय असेल ते, कुठे घेतलं? बारमध्ये, ढाब्यावर, वाईन शॉपमधून आणून गाडीत, देशीच्या दुकानात की लग्नात? ठिकाणाचं नाव लिहावं. महिन्याच्या महिन्याला ती यादी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे जावी. आणि दर वर्षी ३१ मार्चच्या आत परवान्यांचं नूतनीकरण होतं तेव्हा ती तुमच्या टेबलावर असावी.

हे पत्र आयुक्तांना, मंत्र्यांना न लिहिता तुम्हाला का लिहिलं, तर दोन्ही कागद एकाच खुर्चीपुढे येतात म्हणून. रस्ता सुरक्षा समितीची बैठक तुम्ही घेता. ब्लॅक स्पॉट कुठे, दुभाजक कुठे तोडलाय, गतिरोधक कुठे हवा, यावर तिथे चर्चा होते. परमिट रूमचा परवाना मंजूर होतो तोही तुमच्याच अधिकारात. पण एका फाइलमध्ये अपघात असतात, दुसऱ्या फाइलमध्ये बार, आणि त्या दोन फाइली शेजारी ठेवून कुणी बघत नाही.

बघता येत नाही असं मात्र नाही. १९ मे २०२४ ला पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनिअरांना चिरडलं. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला जामीन देताना लिहायला सांगितलेला तीनशे शब्दांचा निबंध सगळ्यांच्या लक्षात आहे. मला त्यातलं वेगळंच आठवतं. तो मुलगा त्या रात्री कुठल्या दोन ठिकाणी बसला होता, बिल किती झालं, सीसीटीव्हीत काय दिसतं, हे सगळं दोन दिवसांत बाहेर आलं आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने त्या जागांना सील लागलं. त्याच वर्षी ७ जुलैला वरळीत बीएमडब्ल्यूने स्कूटरवरच्या कोळी दांपत्याला उडवलं, बाई गेली. आरोपी आधी जुहूच्या ज्या बारमध्ये होता तो उत्पादन शुल्क विभागाने सील केला, कारण आपल्याकडे कडक दारूसाठी वय पंचवीस लागतं आणि त्याचं तेवढं नव्हतं. म्हणजे शेवटचा पेग कुठे घेतला ते शोधायला आपल्या यंत्रणेला अठ्ठेचाळीस तास पुरतात. गाडी महागडी असली पाहिजे आणि दाराशी टीव्हीचे कॅमेरे असले पाहिजेत, एवढंच. आमच्या फाट्यावर हिरो होंडा होती.

आता दुकानांच्या अंतराचं. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ ला निकाल दिला की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, दुकान महामार्गावरून दिसायलाही नको, पाट्या नकोत. १ एप्रिल २०१७ पासून अंमल. आदल्या दिवशी, ३१ मार्चला, वीस हजार किंवा त्याहून कमी लोकसंख्येच्या ठिकाणी ५०० चे २२० मीटर झाले. आमचा फाटा त्यात बसतो, पण समोरचा बार रस्त्यापासून चाळीस पावलांवर. बंद झाला.

त्या निकालामागे मोठा आकडा होता. २०१५ साली देशात रस्त्यांवर १,४६,१३३ माणसं मेली, त्यातली ६,७५५ दारू-नशेच्या खात्यावर नोंदलेली. पुढे २०२२ मध्ये एकूण आकडा १,६८,४९१ वर गेला. दारूच्या खात्यावरचा आकडा मला कायम कमी वाटत आलाय, आणि का ते काउंटरमागून दिसतं. पिऊन गाडी चालवल्याचं कागदावर आलं की विमा हातचा जातो. नातेवाईक डॉक्टरांच्या हातापाया पडतात, ‘वास येतो’ असं लिहू नका म्हणतात. जखमीला तालुक्याहून जिल्ह्याला हलवेपर्यंत रात्र सरते आणि रक्तातलं उतरून जातं. शंभर मिलिलिटरला तीस मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा सकाळपर्यंत कशी सापडणार?

तर निकाल लागला आणि पळवाटांची जत्रा भरली. केरळात परवूरला एका बारने दाराबाहेर भिंतींचा चक्रव्यूह बांधला, म्हणजे चालत जायचं अंतर नियमात बसावं. हसू येतं, पण मला त्यात एक चांगली गोष्ट दिसली. तिथे निदान प्यायलेल्या माणसाला थोडं चालायला तरी लागलं. चंदीगडने तर शहरातल्या रस्त्यांची नावंच बदलली, महामार्गाचे जिल्हा मार्ग करून टाकले. ११ जुलै २०१७ ला न्यायालयाने स्पष्ट केलं की नगरपालिका-महापालिकांच्या हद्दीतल्या परवान्यांना हा आदेश लागू नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत ग्रामपंचायतींच्या हद्दीबाबतही ठरवायचं राज्य सरकारांवर सोडलं. आमच्या समोरचं शटर पुन्हा वर गेलं.

मधल्या काळात काय झालं ते मी रोज बघत होते. आमच्या गावच्या माणसांनी पिणं सोडलं नाही, ती नऊ किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावी जायला लागली, तिथे नगरपालिका आहे. आधी जो माणूस फाट्यावर पिऊन शेताच्या बांधाने चालत घरी जायचा, तो आता अंधारात उसाच्या ट्रॉल्यांमधून नऊ किलोमीटर गाडी चालवत परत यायला लागला. बाहेरगावचे ट्रकवाले मात्र खरंच थांबेनासे झाले. म्हणजे एकाच आदेशाने एका प्रकारचा धोका कमी झाला आणि दुसऱ्या प्रकारचा वाढला. कुठला जास्त होता? ठामपणे सांगता आलं असतं, जर कुणी लिहून ठेवलं असतं.

माझी मावसबहीण घुग्घुसला दिलेली आहे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ पासून २०२१ पर्यंत दारूबंदी होती. घुग्घुसहून वर्धा नदीचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्ह्यातला वणी तालुका, तिथे दारू सुरू. ती सांगायची, संध्याकाळी पुलावरून जाणाऱ्या गाड्यांच्या आवाजात आणि रात्री येणाऱ्या गाड्यांच्या आवाजात फरक असतो. जाताना सरळ जातात. मी दारूबंदीच्या बाजूची की विरुद्ध, हे इथे सांगत बसत नाही. नवऱ्याचा पगार घरात आला म्हणून देवाला नारळ वाढवणाऱ्या बायका मी तिच्याकडेच पाहिल्यात. पण दुकान किती जवळ किंवा किती लांब एवढंच मोजून भागत नाही. प्यायल्यावर माणूस घरी कसा जातो, ते बघावं लागतं. चालत जाईल इतकं जवळ दुकान असेल तर भांडणं, शिव्या, बायकोला मारहाण हे सगळं वाढेल, पण गाडी कदाचित निघणार नाही. लांब असेल तर गाडी निघणारच. आणि राज्य मार्गावर, घरांपासून दूर, पुढे पन्नास गाड्यांचं पार्किंग असलेला बार म्हणजे गिऱ्हाईक गाडीनेच येणार आणि गाडीनेच जाणार हे नकाशा मंजूर करतानाच ठरलेलं असतं.

बाहेरच्या देशांत यावर अभ्यास झालेत आणि त्यांची उत्तरंही अशीच गुंतागुंतीची आहेत. मला सगळ्यात पटला तो ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. तिथे १९९० च्या दशकात काही हॉटेलांना मध्यरात्रीनंतर तासभर जादा उघडं ठेवायचे परवाने मिळाले. जादा वेळ मिळालेल्या हॉटेलांमध्ये पिऊन निघालेल्यांचे अपघात वाढले, असं अभ्यासात दिसलं. हे हॉटेलवार सांगता आलं कशावरून? तिथले पोलीस प्यायलेल्या चालकाला शेवटचं कुठे प्यायलास ते विचारून लिहीत होते, त्यावरून. अमेरिकेत वाहतूक अपघातांचा तपास करणाऱ्या राष्ट्रीय मंडळानेही २०१३ मध्ये राज्यांना हीच नोंद ठेवायची शिफारस केली. फार मोठं विज्ञान नाही हे, एक प्रश्न आहे आणि एक वही.

आपल्याकडे तर वहीसुद्धा तयार आहे. आयआयटी मद्रास आणि एनआयसीने केलेली आयरॅड नावाची प्रणाली आहे, तिच्या पुढे ई-डार आलं. पोलीस अपघाताच्या जागी मोबाइलवर माहिती भरतात, जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप चढतात. परमिट रूम कुठे आहे हे उत्पादन शुल्क विभागाला गट नंबरासकट माहीत असतंच. दोन्ही एका नकाशावर टाकले की कुठला बार आणि कुठलं वळण यांची रात्री साडेदहाला गाठ पडते ते गावच्या तलाठ्यालाही समजेल.

बारचे मालक यावर काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, कारण मी त्यांना विचारलं. चहा पाजून म्हणाले, “ताई, तो माझ्याकडे येण्याआधी ढाब्यावर दोन मारून आला असेल तर? आणि खोटं नाव सांगितलं तर? उद्या कुणाचं माझ्याशी बिनसलं तर तो माझंच नाव घेईल.” खरं आहे. म्हणून एका नोंदीवरून कुणाचा परवाना अडवा असं मी म्हणतच नाही. पण वर्षभरात एकाच बारचं नाव बारा वेगवेगळ्या चालकांच्या तोंडून, तीन वेगवेगळ्या पोलीस ठाण्यांत आलं, तर ते बारा जण ठरवून खोटं बोलले असं धरायचं का? अशा ठिकाणी आधी जाऊन बघा. पार्किंगमध्ये दिवा आहे का, बाहेर पडायची वाट थेट मुख्य रस्त्यावर आहे का, रिक्षा मिळते का, शेवटची एसटी कधी जाते. गाड्या वळवणाऱ्या पोराला गाडीची किल्ली काढून घ्यायचा आणि रिक्षा बोलवायचा अधिकार द्या, दहाऐवजी वीस रुपये मिळतील. एवढं करूनही नाव येतच राहिलं तर वेळ कमी करा, मग नूतनीकरणाचा विचार करा. आणि ज्या बारचं नाव कधीच येत नाही त्याला ती गोष्ट अभिमानाने सांगता यावी, तोही त्याचा फायदा.

कुणी म्हणेल, गावाला आडवी बाटली आहे ना. आहे. पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या केल्या की दुकान बंद करायला मतदान घेता येतं, आणि त्या लढ्याला माझा कायम नमस्कार आहे. पण ज्याला धडक बसते तो त्या गावचा मतदार असेलच असं नाही. महामार्गावरून जाणाऱ्याला कुणी मत विचारत नाही.

सरकारी तऱ्हा कशी बघा. ३१ डिसेंबरला परमिट रूम पहाटे पाचपर्यंत उघडी ठेवायची परवानगी एक खातं देतं आणि त्याच रात्री त्याच रस्त्यावर दुसरं खातं नाकाबंदी लावून फुंकायला लावतं. पाच रुपयांचे एक दिवसाचे पिण्याचे परवाने लाखांनी छापायचे आणि दहा हजारांच्या दंडाच्या पावत्याही. सकाळच्या पेपरात ‘इतक्या तळीरामांवर कारवाई’ अशी गमतीची बातमी. तळीराम म्हटलं की सगळं हसण्यावारी जातं, हा शब्द बातमीतून हद्दपार करावा असं मला फार वाटतं, पण ते संपादकांचं काम, तुमचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये दारूचं नुकसान कमी करायला पाच उपाय सांगितले. पहिला, दारू किती सहज मिळते त्यावर बंधन. दुसरा, पिऊन गाडी चालवण्याला आळा. तिथे ते एका कागदावर, एकाखाली एक लिहिलेत. आपल्याकडे त्यांची दोन कार्यालयं आहेत.

महसुलाचं मला कळत नाही असं नाही, मीही जीएसटी भरते. जून २०२५ मध्ये राज्याने मद्यावरचं शुल्क वाढवलं ते वर्षाला १४,००० कोटी जादा मिळतील या हिशेबानेच. मिळोत. या पत्रातल्या मागणीने त्यातला एक रुपयाही कमी होत नाही. कायदा बदलावा लागत नाही, विधानसभेत जावं लागत नाही. तुमच्या पुढच्या रस्ता सुरक्षा बैठकीला पोलीस अधीक्षक आणि उत्पादन शुल्कचे अधीक्षक दोघेही टेबलाला असतील तर चहा येईपर्यंत ठरण्यासारखं आहे. एखाद्या जिल्ह्याने वर्षभर करून बघावं. छत्तीसपैकी एकाने.

दुकानातल्या मुलाच्या अपघातानंतर मी त्या दिवशीचं बिलबुक काढून ठेवलंय. पित्ताच्या गोळ्यांची एक पट्टी, रोख, रात्री नऊ चाळीस. कागद पिवळा पडत चाललाय. कुणी बघायला येणार असेल तर दुकान रात्री साडेदहापर्यंत उघडं असतं, गुरुवारी बंद.

आपली,
फाट्यावरची मेडिकलवाली